हातपंपाला बांधलेली तार

कापेणी, ४ मे

चि. तियामिके हिला लाझारोमामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या प्रयोगशाळेचा माणूस आला आणि आपल्या हातपंपाच्या दांड्याला तार गुंडाळून गेला. वर लाल पाटी, ‘पाणी पिऊ नका’. मी गावचा प्रमुख, पण मला साधं विचारलं नाही! त्याच्यासमोर घरात भरून ठेवलेलं त्याच पंपाचं दोन पेले पाणी घटाघटा प्यायलो. तो नुसता हसला. इतक्या नितळ पाण्यात तुम्हाला दिसतं तरी काय? आणि प्रमुखालाही न जुमानणारा हा कायदा कसला? रागाने नाही, खरंच विचारतोय. (थोडा राग आहे.)

बायका आता लांब शाळेच्या पंपापर्यंत जातात, आठव्या महिन्यातली नासिबेकोसुद्धा. मला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणते, लाझारोच्या भाचीने गावाला तहानेनं मारायचं ठरवलंय. आईच्या भावाचं एवढं ऐक, तार काढायला लाव. लोभ आहेच, तो कायद्याच्या धाकाने कमी करू नकोस.

तुझा मामा

सालिमा, ११ मे

ती. मामांस सा. न. वि. वि.

डोळ्यांना काहीच दिसत नाही, मामा. पाणी बारीक चाळणीतून गाळून ती चाळणी रात्रभर उबेत ठेवतो, मग पिवळे ठिपके उगवतात. ते विष्ठेतले जंतू. कायद्याने एकही चालत नाही. आपल्या पंपाचे तेवीस होते. गावचं नाव वाचून मी तीनदा मोजले.

तार मला काढता येत नाही, माझ्या साहेबांनाही नाही. पण तपासणीचा कागद मागायचा हक्क पिणाऱ्या प्रत्येकाला आहे, सोबत पाठवलाय. आणि एक बघाल का? नियमाने पंपापासून तीस मीटरच्या आत संडास नको, चढावर तर नकोच. मोजून कळवा. तोवर पाणी उकळून प्या, दोन पेल्यांची फुशारकी पुरे! मामींना नमस्कार. माया असू द्यावी.

तुमची तियामिके

कापेणी, २० मे

चि. तियामिके हिला आशीर्वाद.

दोर घेऊन मोजलं. सगळे संडास लांब आहेत, एक सोडून. एकोणीस मीटर, तोही चढावर. तुझ्या मामीचा गुडघा दुखतो म्हणून गेल्या वर्षी मीच बांधलेला. दोर धरणारा म्हातारा मसाउको हळूच म्हणाला, दोर जरा सैल धरू या. खोटं कशाला सांगू, क्षणभर सैल धरलाही.

मग गाव जमवून सांगितलं. नासिबेको म्हणाली, म्हणजे मी दोन आठवडे घागर वाहिली ती तुमच्या बायकोच्या गुडघ्यापायी! दुसऱ्या दिवशी खड्डा उपसून बुजवला. नवा खाली, उताराला खणतोय. मामी रोज शिव्या घालत काठी टेकत शेजारच्यांकडे जाते.

पंपात जंतू मारायचं औषध टाकून झालं की पाणी पुन्हा तपासा. पण या वेळी ठिपके तू मोजू नकोस. मामाचं पाणी भाचीने पास केलं, असं कुणी म्हणायला नको.

तुझा मामा

सालिमा, २८ जून

ती. मामांस सा. न. वि. वि.

बाटलीवर गावाचं नाव न घालता ती सहकाऱ्याकडे दिली. पहिल्यांदा दोन ठिपके आले. दोनच तर आहेत, असं माझ्या ओठांवर आलं होतं; गिळलं. तार तशीच ठेवली, औषध पुन्हा टाकलं. काल एकही ठिपका नाही.

गुरुवारी माणूस तार कापायला येईल. पाणी चांगलं असल्याचा सहीचा कागद सोबत आहे, तो पंपावर लावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. पहिली घागर नासिबेकोला भरू द्या. बाळ झालं असेल, तर तुम्ही भरून तिच्या दारी नेऊन द्या.

तुमची तियामिके