शेंदूर पुसू नये, लावूही नये

मी, गिरजाबाई देवाजी रामटेके, वय एकोणसत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मोहटोला, तालुका गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचे आमच्या गावच्या आशा सेविका रीता पेंदोर सांगतील. त्या रोज सकाळी माझा रक्तदाब मोजतात आणि रोज माझी बोलणी खातात. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणाचा दबाव नाही. न लिहिण्यासाठी मात्र आहे. तो माझ्या मुलाचा आहे, म्हणून तर लिहायला बसले.

घाई एवढ्यासाठी की हृदयाची झडप नीट चालत नाही. चंद्रपूरचे डॉक्टर गोळ्या लिहून देतात, पण पुढच्या पावसाळ्याचे विचारले की खिडकीबाहेर पाहतात. मरणाची भीती मला फारशी वाटत नाही. भीती वाटते ती माझ्या माघारी शेतात कुऱ्हाड चालेल याची.

कलम १. गावातले घर मुलगा राजदीप याला. ते माझ्या नावावर आहे आणि त्याने त्याचे काहीही करावे, माझी हरकत नाही. सागवानी दाराला हात लावायची लाज वाटली तर बरे, नाही वाटली तरी चालेल.

कलम २. माझ्या पगारातून घेतलेले, माझ्याच नावावर असलेले ओढ्याकडचे शेत विहिरीसह मुलगी संघप्रिया हिला. ती गडचिरोलीला परिचारिका आहे, शेती तिला येत नाही. पण जिवंत असलेल्याला मारायचे नसते, एवढे तिला तिच्या कामाने शिकवले आहे. राजदीपला हे कलम वाचून राग येईल. त्याने तो गिळावा.

कलम ३. या शेतातले एकही झाड विहिरीला पुन्हा पाणी लागेपर्यंत तोडता किंवा विकता येणार नाही. त्यानंतर तोडायचे झाल्यास कलम ४ मधील चारही घरांना विचारावे लागेल. असे काऊन, ते सविस्तर लिहिते, कारण उद्या कुणी म्हणेल की म्हातारीला झाडांचे वेड होते.

निवृत्त झाल्यावर मी बाहेरच्या एका संस्थेबरोबर काम धरले. कापूस आणि सोयाबीन फवारून फवारून आमची जमीन पार दगड झाली होती. औषध-खत सोडायचे, धुऱ्यावर म्हणजे बांधावर मोह-करंज ठेवायचे, शेतात आवळा, सीताफळ, चारोळीच्या ओळी लावायच्या आणि मधल्या जागेत तूर-ज्वारी घ्यायची, असे ते काम. सावली पिकाला खाते, असे इथे लहान पोरगेही सांगते. मी घरोघरी जाऊन भांडले. अखेर चार घरे तयार झाली. ती संस्थेच्या गाडीकडे पाहून तयार झाली नाहीत. आपल्या पोरांना मी अंगणवाडीत खाऊ घातले, हे आठवून झाली.

गेला पावसाळा पोळ्याआधीच संपला. होळीला विहिरीचा तळ दिसला. संस्थेची गाडी तेव्हापासून फिरकली नाही. मुळाशी पाणी झिरपावे म्हणून बुडाला भोक पाडून त्यात वात घातलेली मडकी प्रत्येक रोपाजवळ पुरली होती, ती आता कोरडी आहेत. रोपे काडीसारखी उभी आहेत आणि ती चार घरे मला काही बोलत नाहीत. बोलली असती तर मला झोप लागली असती. मी सांगितलेले खोटे नव्हते, हे मी आजही म्हणते. पण खरे ठरायला पाऊस लागतो आणि तो माझ्या हातात नव्हता.

लाकडाचा व्यापारी सध्या गावोगाव फिरतो आहे. चारही घरांनी मला एकच सांगितले आहे, “बाई, तुमची झाडं राह्यली त आमी बी ठेवू.” म्हणजे माझ्या शेतातले पहिले झाड पडेल त्या दिवशी पाचही शेते उघडी होतील. हे राजदीपला मी समजावले. तो म्हणाला, “आई, झाडं पाहून पोट भरते का? गिऱ्हाईक दारात उभं हाये.”

मी म्हटले, “तुह्या पोराले सावली कोन देईन?”

“थो फ्लॅटमधी राह्यते. त्याले सावली नाई, कूलर लागते.”

कलम ४. विहिरीला जे काही झिरपेल त्यावर माझ्या शेताइतकाच त्या चार घरांच्या रोपांचा हक्क राहील. पाळी त्यांनी आपसात ठरवावी. भांडण झाल्यास झिंगू गुरनुले यांचे ऐकावे.

कलम ५. हे झिंगूभाऊ त्या चारांपैकी एक. त्यांना माझी पाण्याची कावड, दोन्ही डब्यांसह. त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

पहिल्या बैठकीत मी मोठ्या तोंडाने जाहीर केले की आजपासून आपली शेती सेंद्रिय. झिंगूभाऊंनी मान डोलावली, मार्कंड्याच्या जत्रेला गेले आणि पुडाभर शेंदूर घेऊन आले. आठवड्याने मी त्यांच्या शेतात गेले तर प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एकेक धोंडा आणि धोंड्याला तेलात कालवलेला शेंदूर.

“झिंगूभाऊ, हे काय?”

“तुमीच त सांगतलं ना बाई, शेंदरी शेती कराची म्हून.”

मी धुऱ्यावर बसून हसले. मग मला राग आला. मी आईच्या मांडीवर होते तेव्हा चांद्याला आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धोंड्यापुढे वाकायचे नाही, हे मी बोलायच्या आधी शिकले. मी त्यांना सेंद्रिय म्हणजे काय ते पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, “मंग आता पुसू का? देवाले पुसते का कोनी?” शेंदूर तसाच ठेवून मी घरी आले. पुढे गावभर माझे नाव शेंदरीबाई पडले. ज्यांनी ते पाडले त्यांना या मृत्युपत्रात काही नाही.

मात्र या दुष्काळात एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. इतरांच्या कुंपणाच्या काट्या चुलीत गेल्या, रोपांवर बकऱ्या सुटल्या. झिंगूभाऊंच्या शेतात कुणी पाऊल ठेवले नाही. मी इतकी वर्षे तोंड वाजवून जे सांगितले ते लोकांनी ऐकले नाही, आणि जत्रेतल्या पुड्याचे ऐकले.

कलम ६. शेजारी हेमराज चुदरी दर नांगरणीला माझा धुरा वीतभर कोरतात आणि माझ्या मोहाची सावली त्यांचा कापूस खाते अशी तक्रार सरपंचाकडे करतात. गेल्या हंगामात सगळे शिवार वाळले तेव्हा त्या सावलीतल्याच ओळी हिरव्या होत्या. ते मी पाहिले, त्यांनीही पाहिले, पण कबूल केले नाही. धुऱ्यापलीकडे पडणारी सर्व सावली मी हेमराजभाऊंना देते. वकील म्हणाले की ज्याला वाटा द्यायचा तो साक्षीला नको. पण सावली ही मालमत्ता नाही, असेही तेच म्हणाले. म्हणून हेमराजभाऊंना मुद्दाम साक्षीला बोलावले आहे. सावली मिळाली हे त्यांनी एकदा तरी सही करून मान्य करावे.

कलम ७. परवा राजदीपने मला न विचारता तोडणारी माणसे पाठवली. सुरुवात धुऱ्यावरच्या जुन्या मोहापासून करायची ठरली होती. मला कळले तेव्हा ऊन वर आले होते आणि चालताना दम लागत होता. मी पोचले तेव्हा माणसे परत निघाली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, “बाई, देवाचं झाड हाये, पहिलेच सांगाचं ना.” मोहाच्या बुंध्याला मूठभर शेंदूर थापला होता, अजून ओला.

झिंगूभाऊ शपथेवर सांगतात, “मी नाई लावला, बाई.” माझा त्यांच्यावर विश्वास नाही. असा शेंदूर दुसऱ्या कुणाच्या घरात असणार?

काल सकाळी मी तो धुवायला घरातले प्यायचे पाणी घडाभर घेऊन गेले. माझ्या शेतात शेंदूर म्हणजे आई-वडिलांच्या दीक्षेला डाग, असे मनात होते. बुंध्याशी वाकले, पदर ओला केला. खाली मुळाशी जमीन हात जाईल एवढी फाटली होती. पाणी मी त्या भेगेत ओतले. शेंदूर आहे तसा आहे.

म्हणून माझी सूचना अशी की तो शेंदूर कुणी पुसू नये, आणि नव्याने लावूही नये. एक-दोन पावसाळ्यांत तो आपोआप जाईल. तोवर शेंदराशिवाय झाडाला न मारणारी माणसे या गावात तयार व्हावीत, ही माझी इच्छा आहे. ती कोणत्या कलमाने लिहून देता येते ते वकिलांनाही माहीत नाही.

कलम ८. माझे शेवटचे त्रिशरण-पंचशीलाने करावे. जेवणावळी घालू नयेत. राख वैनगंगेत नेऊ नये, रोपांच्या आळ्यात टाकावी. राखेत पालाश असते. संघप्रियाने रडावे, पण पाणी वाया घालवू नये.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मी मोठ्याने वाचून दाखवले, दोन्ही साक्षीदारांनी ऐकले, आणि त्यांच्यासमोर सही केली.

गिरजाबाई देवाजी रामटेके

साक्षीदार १: रीता सुखदेव पेंदोर, आशा सेविका, मोहटोला
साक्षीदार २: हेमराज तुळशीराम चुदरी, शेतकरी, मोहटोला

दुरुस्ती, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत: सही करताना हेमराजभाऊंच्या नखांत शेंदूर दिसला. कलम ७ मधील झिंगूभाऊंवरचा संशय रद्द समजावा. कलम ६ मधील सावली कायम.

गि. दे. रामटेके

स्थळ: मोहटोला
दिनांक: ९ मे २०२४