कोरलांकडची परतभेट

आई, तिकीट काढलं. मे महिन्यात फिनलंडला जातेय. तुझ्या कोरलांना भेटायला जातेय म्हणावं, तर ते तुझे नव्हेतच, आणि मला पक्ष्यांतलं काय कळतं हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी जातेय. का, ते सांगायला बसले आहे. तू मध्येच 'आधी जेवून घे, मग बोल' म्हणणार नाहीस, एवढी एक सोय आहे.

तुझ्या त्या भेटी आणि परतभेटी! मला त्यांचा वीट यायचा. बाबांच्या नोकरीमुळे आपण सांगलीकडून बोईसरला आलो, आणि आजूबाजूला राहणारे सगळेच असे कुठून कुठून आलेले. कुणी साताऱ्याचं, कुणी जळगावचं, खालच्या मजल्यावर तर बिहारचं कुटुंब. तू शाळेत शिकवायचीस, म्हणून घरी येणाऱ्यांना तोटा नव्हता, आणि आलेल्या प्रत्येकाकडे उलट जायचंच हा तुझा नेम. रविवारची संध्याकाळ त्यात जायची. मी एकदा फणकारले होते, 'त्या काकू वाटी परत द्यायला दारात उभ्या राहिल्या होत्या, ती काय भेट झाली?' तू माझी वेणी घालत होतीस. एक पेड असा ओढलास की डोळ्यांत पाणी आलं. 'कुणी आपल्याकडे येतं आणि आपण कधीच जात नाही, तर ते येणं लोंबकळत राहतं,' तू म्हणालीस. 'कुणाला असं लोंबकळत ठेवायचं नाही.' मग आपण गेलो. काकू घरात नव्हत्या, तर तू शेजारी निरोप ठेवलास, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. कर्म माझं!

मामांनी त्यांची जुनी दुर्बीण तुला दिली आणि तुला आणखी एक वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी ओहोटीची वेळ बघून एसटीनं मुरब्याला जायचं, खाडीकाठी चिखलाकडे तोंड करून बसायचं. मला अजून दिसतंय ते. बोंबलांचा वास नाकात बसलाय, पदर डोक्यावरून घेऊन तू बसली आहेस, आणि समोर ते भले मोठे, मातकट रंगाचे पक्षी आपली लांब, खाली वळलेली चोच चिखलात मुळापर्यंत खुपसतायत. कोरल. मागे बोंबील वाळत घालणारी एक बाई आपल्याला बराच वेळ न्याहाळत होती. शेवटी तिला राहवेना.

'काय बघता गो बाय एवढा?'

'हे पक्षी. दरवर्षी येतात ना इथं?'

'ते? ते आमचे पावणे हायत. पाऊस सरला का येतात, शिमगा झाला का जातात.'

'आणि तुम्ही? तुम्ही गेलात कधी त्यांच्याकडे?' तू हे अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलंस. बाई खो खो हसली. 'आमी कुठं जातो! आमचा जाणा खाडीपल्याड सातपाटीपरत. तुमी शिकलेली मानसं हाव, तुमी जा, आमचा पन राम राम सांगा.'

ती थट्टा करत होती. तू नव्हतीस. परतताना एसटीत तू दुर्बिणीचा डबा मांडीवर घट्ट धरून बसली होतीस, आणि आता काहीतरी निघणार हे मी ओळखलं.

निघालं ते असं. मुंबईच्या एका वाचनालयातल्या मासिकातून तू परदेशातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या एका मंडळाचा पत्ता उतरवून आणलास, तो फिनलंडचा निघाला. कोरल तिथल्या शेतांत अंडी घालतात एवढं तू वाचलं होतंस आणि तेवढं तुला पुरलं. तिथून उत्तर आलं एका बाईंचं, त्याही शिक्षिकाच. मग तुमचं जे सूत जुळलं! त्या लिहायच्या, मे महिन्यात या, रबरी बूट आणा, घरट्याजवळ जायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचं. घुबडं दाखवते, क्रौंच दाखवते, आमच्याकडे कोरल बघायला मुद्दाम कुणी येत नाही, तो प्रत्येक शेतात असतो. तू उलट लिहिलंस, मला फक्त कोरल दाखवा, बाकीच्यांशी आमची ओळख नाही. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला, चहा पिऊन गेला, तर 'आता चौकीवर जाऊन यायला हवं का गं?' असं तू मला विचारलंस. तू गंमत करत होतीस की नाही, मला आजही सांगता येणार नाही. बाबा म्हणायचे, 'हिच्या पायाला भिंगरी आहे, जाऊ दे तिला एकदा.' रजा मंजूर झाली. कोरलांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं यावरही तुझा विचार चालला होता. शेवटी बाईंसाठी लाडू न्यायचे ठरले.

आणि मग ते पत्र. तू स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलंस, आमटी उकळत होती. बाईंनी फार जपून लिहिलं होतं. सांगायला नको वाटतं, पण आमचे कोरल थंडीत पश्चिमेकडच्या समुद्रावर जातात. तुमच्याकडे येणारे बहुधा फार पूर्वेचे, उरल पर्वताच्याही पलीकडचे असावेत. तू गॅस बंद केलास आणि म्हणालीस, 'म्हणजे हे दुसरेच.' त्या पलीकडच्या मुलखात तेव्हा आपल्यासारख्यांना कोण सोडणार होतं? मी म्हटलं, 'अगं, तरी जा की! पक्ष्यांना काय कळतंय?'

'मला कळतंय ना,' तू म्हणालीस, आणि आमटी वाढायला घेतलीस.

मला तुझा इतका राग आला होता आई! आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही ठरवलंस, आणि तेही असल्या कारणावरून सोडून दिलंस. तू मात्र बाईंना पत्रं लिहीत राहिलीस. नाताळात त्यांचं कार्ड यायचं, दिवाळीत तुझं जायचं. मग तुझं आजारपण आलं. तू गेल्यावर मीच त्यांना चार ओळी लिहून कळवलं. विषय संपला असं मी धरून चालले.

आणि गेल्या जानेवारीत बाई स्वतःच आल्या. एकट्या, पाठीवर एक पिशवी घेऊन, थेट बोईसरला. इंग्रजी त्यांचं आणि माझं सारखंच अडखळणारं, त्यामुळे जमलं. चहा झाल्यावर म्हणाल्या, मुरब्याला नेशील? नेलं. ओहोटी होती, कोरल होते. त्यांनी दुर्बिणीतून पुष्कळ वेळ पाहिलं. बोंबीलवाली आता म्हातारी झालीय, तिनं मला ओळखलं.

'मास्तरीणबाय नाय आल्या?'

'ती नाही आता.'

'अगो!' ती माझ्याजवळ येऊन बसली. मग हळूच, 'नि ही गोरी कोन? ही त्या पावण्यांच्या गावची काय?'

मी बाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, नाही, हे आमचे नव्हेत. मी यांच्यासाठी नाही आले. तुझी आई इतकी वर्षं माझ्याकडे यायचं म्हणत होती, ती येऊ शकली नाही, म्हणून मीच आले. मी ते जमेल तसं मराठीत सांगितलं. म्हातारीनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मला म्हणाली, 'मंग आता तुला जावा लागंल.'

मला हसू आलं आणि तिथंच, चिखलाकडे बघत, मी रडले. तू गेलीस तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा करण्यात माझं रडायचं राहून गेलं होतं. बाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून बसल्या.

तर असं आहे. मे महिना ठरला. बूट घेतलेत, लाडू निघायच्या आदल्या दिवशी करीन. मुरब्याहून राम राम घेऊन ठेवला आहे. तो चुकीच्या कोरलांना सांगावा लागणार, पण म्हातारीला त्याचं काही नाही. बाईंनी पुन्हा विचारलंय, काय काय बघायचंय, घुबडं, क्रौंच? मी लिहून टाकलं, फक्त कोरल दाखवा, बाकीच्यांशी ओळख नाही.

हे पत्र दुर्बिणीच्या डब्यात ठेवते. तुला म्हणून सांगते, ते बाईंना लिहिलेलं धडधडीत खोटं आहे. कोरलाशी माझी कसली ओळख? ओळख असलीच तर तुझ्याशी, आणि तीही आता कुठे होतेय.