जेवल्यावर तीन तास

मोंदेल्लो, पालेर्मो
शुक्रवार, दुपार

चि. सौ. इलारिया हिला निंफाचा पोटभर आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? फिलिप्पोचा खोकला थांबला का? तोरीनोत म्हणे ऑगस्टमध्येही संध्याकाळी अंगात काहीतरी घालावं लागतं, म्हणून आपली काळजी वाटते. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत आणि मुलं तर अगदीच ठणठणीत आहेत. (हे आधीच लिहून टाकते, कारण पत्र हातात पडलं की तू पहिली नजर शेवटाकडे टाकतेस, हे मला ठाऊक आहे. बघू नकोस. ओळीने वाच.)

आता रोज संध्याकाळी फोन होत असताना पत्राचा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. तर बाई, फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. तू एक प्रश्न विचारतेस, मी तोंड उघडते, तोवर तुझा दुसरा तयार असतो. मग मी नुसती हो हो करत सुटते आणि फोन ठेवल्यावर कळतं की भलत्याच गोष्टीला हो म्हटलं. आज समुद्रकाठच्या आमच्या शेजारच्या लाकडी केबिनमधल्या प्रोव्हिदेन्साचा जावई रात्रीच्या विमानाने तोरीनोला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवते. त्याला कॉफी दे, पण काही विचारू नकोस. सासूपेक्षा जास्त तिखटमीठ लावून सांगतो तो.

मुलं इकडे यायच्या आधी तू जे म्हणालीस ना, ते माझ्या काळजात रुतून बसलंय. म्हणालीस, ताई, यंदा बघू. मुलांनी आपणहून पुन्हा जायचं म्हटलं तर पुढच्या वर्षी पाठवू, नाहीतर डोंगरातलं शिबिर आहेच. तू सहज म्हणालीस ग, पण मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डोंगरातलं शिबिर! मुलांना दोरीला टांगायचं, वर आईबापांकडून पैसे घ्यायचे. आणि मला दुसरं आहे कोण? ही दोनच भाचरं. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की निंफा, एक आठवडा तुझ्या हातात आहे, पोरांनी तोरीनोला जाऊन ‘आत्या आत्या’ करत रडलं पाहिजे.

सुरुवातीला मी तू आखून दिलेल्या कार्यक्रमाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. सोमवारी वनस्पती उद्यान. तिथलं ते मोठं झाड तुला आठवत असेल, एका झाडाचं रान झालेलं. ब्रूनो पारंब्यांमधून जो आत घुसला तो दिसेनासा झाला. सहा वर्षांचं पोर, पण खारीची जात. पहारेकरी ओरडायला लागला तशी मी पहारेकऱ्यावर ओरडायला लागले, की बाबा रे, झाड असं वाढू दिलं कोणी, मी का माझ्या भाच्याने? मंगळवारी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. तिथे गद्दार सरदार रंगमंचावर आला की प्रेक्षकांनी त्याला शिव्या घालायच्या असतात, ती आपली रीतच आहे, आणि मी त्यात कधी हात आखडता घेतलेला नाही. पण आदेले माझी ओढणी खेचून म्हणाली, “आत्या, बस ना, लोक बघतायत.” तिच्या शेजारचा म्हातारा माझ्याहून मोठ्याने ओरडत होता, तो नाही दिसला तिला! (तिथे शिकलेले दोन-तीन शब्द ब्रूनोच्या तोंडात बसलेत. तू त्यांचा अर्थ विचारू नकोस, आपोआप जातील.)

पण या सगळ्यात मुलांचं चित्त नव्हतं. रोज रात्री एकच प्रश्न, समुद्रावर कधी? तुझ्या कार्यक्रमात समुद्र बुधवारपासून होता. बुधवारी सकाळी दोघं पोहण्याचे कपडे घालूनच उठली. (म्हणजे घालूनच झोपली होती.) केबिनचं दार उघडायच्या आत पोरं पाण्याकडे धावली, आणि मी अशी किंकाळी फोडली की दुसऱ्या रांगेतल्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र पडलं. कारण नुकताच दोघांनी बदामाचा गारेगार बर्फाळ ग्रानिता खाल्ला होता, आणि तो ब्रिओश पाव बुडवून. आणि जेवल्यावर तीन तास पाण्यात जायचं नाही! हा नियम काय मी केलाय? अख्ख्या देशात आहे. पोटात अन्न असताना गार पाण्यात गेलं की पचन जागच्या जागी थांबतं आणि माणूस खलास. डॉक्टर लोक आता नाही म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. त्यांनी आपापल्या आयांना विचारावं.

तर बसवलं दोघांना सावलीत. माझी पोरं गुणी, बसली. तीन तास भरायला थोडीच मिनिटं राहिली असताना प्रोव्हिदेन्सा उगवली, हातात ताट, ताटात भाताच्या तळलेल्या अरांचिना, आत्ताच कढईतून काढलेल्या. आता सांग, तिने पहाटे उठून केलेल्या, मुलांसाठी म्हणून आणलेल्या, त्यांना नाही म्हणायचं? पुढची सात वर्षं ती माझ्याशी बोलली नसती आणि आमच्या केबिनींच्या मधली भिंत लाकडी फळीची आहे. मुलांनी खाल्ल्या. पुन्हा तीन तास. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. मी भट्टीत भाजलेला पास्ता आणला होता, रिंगांचा, वर वांग्याचे काप, ती परात काय मी परत घरी न्यायची होती? पुन्हा तीन तास. ते सरत आले तर कोणीतरी कलिंगड फोडलं.

आता कलिंगड हे जेवण की पाणी, यावर आमच्या रांगेत जी चर्चा झाली, ती तू ऐकायला हवी होतीस. प्रोव्हिदेन्सा म्हणाली पाणीच ते, लगेच जाऊ द्या. तिची नणंद म्हणाली, पाणी खरं पण गोड पाणी, दीड तास तरी थांबा. एक गृहस्थ म्हणाले बिया गिळल्या असतील तर पुरते तीन तास. मग ब्रूनोला विचारलं, बिया गिळल्यास का? पोर खरं बोललं. मग काय! त्या तासांत ऊन उतरलं, वारा सुटला, आणि ओल्या केसांनी वाऱ्यात बसायचं म्हणजे मानेचं वाटोळं. मुलं कोरडीच्या कोरडी घरी आली. रात्री तुझा फोन आला, तू विचारलंस समुद्रावर होता का, आणि आदेले म्हणाली, “हो. दिवसभर.” खोटं काहीच नव्हतं त्यात, पण तिचा आवाज तू ऐकलासच.

गुरुवारी मी म्हटलं आज कमी खाऊ घालायचं. पण कमी म्हणजे किती ग? सकाळचं चुकवलं तर पोरं कोमेजतील. पीच तर फळच. आइस्क्रीमवाला केबिनीच्या दारात घंटी वाजवत उभा राहतो, त्याला काय हाकलून द्यायचं? आणि काल प्रोव्हिदेन्साच्या जावयाच्या नावाच्या संताचा दिवस, म्हणजे केक. थोडक्यात सांगायचं तर गुरुवारीही तेच. मुलांनी वाळूचा किल्ला केला, आणि पाणी तिथवर पोचत नव्हतं म्हणून खंदकात ब्रूनोने सरबत ओतलं. संध्याकाळी घरी निघताना आदेलेने कोरडाच टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. मला डोंगर दिसायला लागले. दोऱ्या दिसायला लागल्या.

आणि आज सकाळी आदेलेने ग्रानिता खाल्ला नाही.

नको म्हणाली. मी म्हटलं लिंबाचा आणू? नको. ब्रूनोने बहिणीकडे पाहिलं आणि तोही नको म्हणाला. अरे देवा! समुद्रावर पोचेपर्यंत मी तीन संतांना नवस बोलले. पोर खात नाही म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी प्रोव्हिदेन्साला हळूच सांगितलं, तिने नणंदेला हळूच सांगितलं, आणि पाच मिनिटांत अख्खी रांग आमच्या दारात. एकीने कपाळाला हात लावला, दुसरीने जीभ बाहेर काढायला लावली. प्रोव्हिदेन्साच्या नणंदेने थेट ताटलीत पाणी घेतलं, त्यात तेलाचे थेंब सोडले आणि म्हणाली, दृष्ट लागली आहे, तोरीनोची दिसते. (राग मानू नकोस, ती सगळ्याच गोष्टी तोरीनोवर ढकलते. तिचा नवरा तिकडचा.) प्रत्येकीने घरून काही ना काही आणलं, मुलांपुढे बारा ताटं झाली, आणि मुलं तोंड घट्ट मिटून बसली होती. ब्रूनोच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. तो अरांचिनाकडे बघायचा, मग बहिणीकडे बघायचा, मग डोळे मिटून घ्यायचा.

मी रडकुंडीला आले. म्हटलं, आदेले, राणी, सांग ना कुठे दुखतंय.

तर ती उठून उभी राहिली. नऊ वर्षांची पोर, अगदी तुझ्यासारखी कमरेवर हात ठेवून. म्हणाली, “आत्या, आम्हाला खूप भूक लागलीये. पण आम्हाला समुद्रात जायचंय, आणि इथे जेवण कधी संपतच नाही.”

इलारिया, सगळ्या रांगेने त्या बारा ताटांकडे पाहिलं. मग प्रोव्हिदेन्साच म्हणाली, ते खरं, पण रिकाम्या पोटी पाण्यात गेलं की चक्कर येते, तेव्हा दोन घास खाऊन घ्या आणि मग तीन तास थांबा. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! मीही डोलावली ग. डोलावली आणि मग माझं मलाच ऐकू आलं. भरल्या पोटी जायचं नाही, रिकाम्या पोटी जायचं नाही, मग ही पोरं समुद्रात जाणार कधी, लग्न झाल्यावर?

तेवढ्यात ब्रूनोने विचारलं, “आत्या, तू कधी गेली होतीस समुद्रात?”

मी म्हटलं, मी म्हणजे... आमची केबिन माझ्या जन्माआधीपासून इथेच आहे. पण मी सगळ्यात मोठी. लहानपणी धाकट्या फिलिप्पोवर लक्ष ठेवायचं माझ्याकडे, कपडे सांभाळायचे माझ्याकडे, पुढे परात माझ्याकडे. मी घोट्यापर्यंत गेलेय, पोरांना हाका मारायला. त्यापुढे कधी नाही. सगळी रांग ऐकत होती आणि मला अशी लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ असा संताप आला, की मी चपला काढल्या, दोघांचे हात धरले आणि निघाले. फुलाफुलांच्या घरच्या झग्यातच. मागून प्रोव्हिदेन्सा हातात ताट घेऊन धावत होती आणि छातीवर क्रूसाची खूण करत होती, एकाच हाताने दोन्ही.

अग, गार! पण काय गार! पाणी कमरेपर्यंत आलं आणि माझा झगा हवा भरून चहूबाजूंनी वर आला, मी मधोमध घंटेच्या लोलकासारखी. ब्रूनो हसून हसून पाणी प्यायला. आदेलेने मला पाठीवर तरंगायला शिकवलं, डोक्याखाली तिचा चिमुकला तळवा धरून. “मी धरलंय, आत्या. सोड अंग,” म्हणाली. मी सोडलं. मी इतकी आनंदात होते की मला रडू आलं, आणि तिथे रडलेलं कोणाला कळत नाही, ही केवढी सोय. बोटं पार सुरकुतल्यावर आम्ही बाहेर आलो आणि त्या बारा ताटांचा फडशा पाडला. आत्ता दोघं केबिनमध्ये मेल्यासारखी झोपली आहेत, आणि ओल्या केसांची मी वाऱ्यात बसून तुला लिहितेय. मान अजून शाबूत आहे.

तर कळावं ते हे. मोठी म्हणून उपदेश काही करत नाही, आज मला अधिकार नाही. फिलिप्पोला म्हणावं आलं घातलेला काढा घे. तुझी वाट पाहणारी, जराशी खारट,

निंफा

ता.क. शिबिराचं सांगायचं राहिलं. मी मुलांना एका शब्दाने विचारलं नाही, शपथ. आदेलेच झोपायच्या आधी म्हणाली, की पुढच्या वर्षी नक्की यायचंय असं ती तुला सांगेल, पण एका अटीवर. आत्यानेही रोज पाण्यात यायचं, आणि त्या झग्यात नाही, धड पोहण्याच्या पोशाखात.

ता.क. २. म्हणून एक काम आहे. मला एक पोशाख घे. काळा नको, काळे कपडे मी सुतकात पुष्कळ घातले. इथे घ्यायची सोय नाही, दुकान प्रोव्हिदेन्साच्या मावसभावाचं आहे आणि माझं माप संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचेल. माप फिलिप्पोला विचारू नकोस. तुझं घे आणि दुप्पट कर.

ता.क. ३. रविवारी फिलिप्पो येणार आणि दरवर्षीसारखा विमानतळावरूनच मुलांना घेऊन परत फिरणार, असं ठरलंय. ते रद्द कर. त्याला तिकडेच खोकू दे. तू ये, आणि चार दिवसांसाठी ये. तुझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तू आलीस तेव्हा मी तुला खाऊच घालत बसले. सावलीत खुर्ची दिली, ताट दिलं, आणि तू पुस्तक उघडून बसलीस, तर मला वाटलं हिला समुद्र आवडत नाही. मी कधी विचारलंच नाही ग. पोशाख दोन आण.