मालगाडीला हात

रविवार, संध्याकाळ

दौंड-मनमाडच्या जुन्या लाईनवर मालगाड्यांचे फोटो काढायला गेलो होतो. डिंभे गावची माझी आत्या हौसेनं सोबत आली. आमच्या आंबेगाव तालुक्यात रेल्वे कुठली? दुपारभर ताटकळल्यावर एकदाची दोन इंजिनांची मालगाडी वळणावर आली, मी बटण दाबलं आणि नेमका आत्याचा हात मध्ये! एसटीला करतात तसा हात केला होता तिनं, गाडी थांबवायला. मी चिडलोच. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं मात्र हसून हात हलवला.

आता बघतोय तर आजचा सगळ्यात झकास फोटो तोच, हातवाला. डिलीट करू तरी कसा?

परतताना आत्या म्हणाली, "थांबला न्हाई, पर हात तरी केला. आपल्या डिंभ्याची एसटी तेवढंबी करत न्हाई!"