तांदळाच्या डब्यातला रिमोट

बालाघाट, ता. ६ एप्रिल २०२४

चि. सौ. वैदेहीस, अ. उ. आ.

फोन वाजला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात, म्हणून हे पत्र. टीव्हीचं तुला सांगितलंच होतं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असले की तो म्हणे आपोआप बंद पडतो, बातम्या चालू असताना मॅच लागते. मी बाहेर येऊन पाहते तर रिमोट बाबांच्या हातात. भोजराज मेकॅनिक सकाळी येऊन बराच वेळ बसला. टीव्ही अगदी शहाण्यासारखा चालला. तो म्हणाला की काकीजी, याले तर काहीच झालं नाही, तरी म्हणत असाल तर बोर्ड बदलून देतो, नाहीतर नवाच घ्या.

काल रिमोट तांदळाच्या डब्यात सापडला. कोणी ठेवला विचारलं, तर बाबा उठून अंगणात गेले. तुझ्या मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं, चष्मा पिठात ठेवण्यापासून. शेवटी सख्ख्या भावालाही ओळखेनात.

टीव्ही दुरुस्त करावा की नवा घ्यावा, तेवढं कळव. बाकीचं विचारायचा मला धीर होत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आई

भोपाळ, ता. १२ एप्रिल

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. दुरुस्ती नको, नवाच घेऊ. नवा नीट चालला तर दोष टीव्हीचा होता. तोही आपोआप बंद पडायला लागला, तर बाबांना इथल्या डॉक्टरांना दाखवू. लिहितानाच कळतंय, मला टीव्ही नकोच आहे, मला उत्तर हवं आहे. आणि ते येऊच नये, असंही वाटतं.

शाळेतून आले की बाबा मला दिवसभरातलं सगळं ओळीने सांगायला लावायचे. आता तू त्यांना सहज विचारत जा, दुपारी भाजी कोणती होती. त्यांच्या लक्षात मात्र येऊ देऊ नकोस.

मे महिन्यात येतेच. तोवर रडत बसू नकोस, मी बसले आहे तेवढं पुरे. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी वैदेही

बालाघाट, ता. २१ एप्रिल

चि. सौ. वैदेहीस, अ. आ.

आठवडाभर तुझी आई मला रोज भाजी विचारते, जी तिनेच वाढलेली असते. मला वाटलं, तीच विसरायला लागली. काल तिने तुझं पत्र दाखवलं, तेव्हा उलगडा झाला.

तो रिमोट मीच ठेवला होता, बेटा. मलाही दादा आठवत होता. बटण आपणच दाबतो आणि आपणच विसरतो की काय, हे पाहायचं होतं. त्या संध्याकाळी टीव्ही सुरळीत चालला. म्हणजे दोष माझाच, असं धरून गप्प बसलो. तुझ्या आईकडे पाहवेना.

परवा समोरच्या हिरालालकडे चहाला गेलो होतो. तो भरवेलीच्या खाणीत पाळीने कामाला आहे. होळीच्या सुमाराला मीच सोबत जाऊन त्याला आपल्या टीव्हीच्याच कंपनीचा टीव्ही घेऊन दिला. त्याने तो गल्लीकडच्या खिडकीखाली ठेवला आहे. त्याने रिमोट तिकडे रोखून मॅच लावली, आणि गल्लीपलीकडे, आपल्या उघड्या खिडकीतून, आपल्याही टीव्हीवर मॅच लागलेली मी पाहिली. तेवढ्यात तुझी आई आपल्या दारात येऊन सांगू लागली की गेल्या पुन्हा बातम्या, आणि या वेळी टीव्हीपाशी कोणीच नव्हतं. मी हिरालालला पुन्हा पुन्हा बटण दाबायला लावलं. माझा चहा गार झाला.

हिरालाल म्हणे, हौ जी काकाजी, म्हंजे दोन घरचे टीव्ही मीच चालवून राह्यलो होतो. त्याच्या बायकोचं, रीनाचं म्हणणं, हा घरचा पंखा बंद करायले उठत नाही, अन् लोकायचा टीव्ही बंद करते. रिमोट तांदळात होता त्या संध्याकाळी तो ड्युटीवर होता. भोजराज आला त्या सकाळीही.

तेव्हा दुरुस्ती नको, नवाही नको. खिडकीला पडदा लावला तर हवा अडेल, असं तुझी आई म्हणते. म्हणून बटण दाबण्याआधी हिरालाल आता तिकडून हाक देतो, आणि मीही बातम्या सोडून मॅच पाहतो.

मे महिन्यात ये, पण डॉक्टरांसाठी नको, आंब्यांसाठी ये. जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझा बाबा

ता. क. आज चवळीची भाजी होती. मीठ कमी होतं. आईने विचारलंच, तर मिठाचं मात्र बाबांना आठवत नाही, असं सांग.