वेशीच्या आत साठावी लेव्हल

करंजाडे,
बुधवार, दुपार

प्रिय आशू,

आशीर्वाद आहेतच रे, ते काय मोजूनमापून द्यायचे असतात का! आधी हे ऐक, पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांची शुगर जरा वर आहे, पण ती दिवाळीच्या करंज्यांची, उतरेल. फोनच केला असता, पण फोनवर मी तुला बोलूच देत नाही असं तू म्हणालास, आणि खरंच आहे ते. परवाचा फोन अकरा मिनिटांचा होता आणि त्यात तू तीन वेळा ‘हं’ म्हणालास. नंतर बाबांनी विचारलं, काय म्हणाला आशू, तर मला सांगता येईना. म्हणून कागद घेतला. कागदाला तरी तू मधेच ‘ठेवतो’ म्हणू शकत नाहीस.

काल दुपारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. माळा आवरला. मग मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या घासल्या, घासलेल्याच होत्या. मग परत माळ्यावर चढले, तेव्हा बाबा म्हणाले, आता माळ्यावर ठेवायची तूच तेवढी राहिलीस. आत्ताही हे लिहिताना दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले. कारण आहे, पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर मी नेहमीसारखी शेवट आधी सांगून मोकळी होईन.

भीती काय वाटते ते मात्र आधीच लिहिते. तू उरणला गेलास त्याला आठ महिने झाले. असाच राहिलास तर तू सणावारी दोन तास येणारा पाहुणा होशील, पाडव्याला आलास तसा. सात डबे भरून दिले होते. तू गेल्यावर ते चपलांच्या कपाटावर तसेच सापडले. मी काही चिडले नाही. जाऊ दे, खोटं कशाला, चिडले. भांडी आपटली. करंज्या बाबांनी संपवल्या, म्हणून ती शुगर. आणि हे सगळं माझ्यामुळे झालं, महापेच्या कंपनीला मी केलेल्या त्या तीन फोनांमुळे, हेही मला ठाऊक आहे. आठ महिन्यांत ते आपण दोघांनीही तोंडाने उच्चारलेलं नाही. आज उच्चारणार आहे.

त्याआधी एक बातमी. मी साठाव्या लेव्हलला पोचले. हसू नकोस! गणपतीच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी पावणेतीन वाजता. कॉम्प्युटरवरच्या त्या गेममध्ये साठाच्या वर लेव्हलच नाही, आणि मी अजून वेशीच्या आतच आहे.

दोन वर्षांमागे सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून घसरून मी पाय मोडून घेतला होता, आठवतं? पायाला भिंगरी असलेल्या बाईला सहा आठवडे प्लास्टर. मी पलंगावर बसल्या बसल्या तुम्हा दोघांना असं काही वैतागून सोडलं की तू तुझा जुना कॉम्प्युटर माझ्यासमोर आणून ठेवलास आणि म्हणालास, आई, आता जे काय करायचं ते यात कर. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे चालायच्या चार बटणांवर माझ्याच टिकल्या चिकटवल्यास. नाव विचारलं, तर सुचतील ती सगळी नावं आधीच कुणी ना कुणी घेतलेली, शेवटी मी माझ्या आईचं नाव दिलं, गोजरा. त्या बिचारीने जन्मात कधी काठी उगारली नसेल, आता तिच्या नावाने मी रानडुकरं मारत होते.

तू सांगितलं होतंस, हे पहिलं गाव फक्त शिकण्यापुरतं. पाचवी लेव्हल झाली की वेस ओलांडायची, खरा खेळ तिथून पुढे. मी ओलांडलीच नाही. कशी ओलांडू? त्या गावच्या पाटलीणबाईंना रोज डुकरांचे बारा सुळे हवेत. पाववाल्याच्या कोठारात रोज उंदीर. एका म्हाताऱ्याच्या शेळ्या रोज हरवतात. तू म्हणायचास, अगं ती माणसं खोटी आहेत, आज दिलंस तरी उद्या तेच मागणार. मी म्हणायचे, मग उद्या त्यांना कोण देणार? वर वर हे बोलायचे, आतून वेगळंच होतं. वेशीबाहेर कुणीही येऊन मारू शकतं असं तू म्हणाला होतास. गावात मला झुडूप न् झुडूप माहीत होतं, तिथे मला कुणी हात लावू शकत नव्हतं. मी भित्री आहे आशू. आवाज मोठा आहे म्हणून कुणाला कळत नाही.

तू गेल्यावर तर मी दुपारी जेवण झालं की बसायचे ती दिवेलागणीला उठायचे. लेव्हल वाढली की डुकराचे गुण कमी होतात, पुढे पुढे तर एका डुकराला एकच गुण. अशी लाखावर डुकरं मारली असतील, घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत. त्या मंगळवारी वरून सोनेरी उजेड पडला, ढोल वाजले, बाबा धावत आले, म्हणे कुकर उडाला का? सांगितल्यावर म्हणाले, छान, वासरात लंगडी गाय शहाणी. आणि पडद्यावर लिहून आलं की इथून पुढे आता गुण मिळणार नाहीत. मी चहा टाकला आणि प्यायला विसरले. इतकं रिकामं रिकामं वाटलं म्हणून सांगू! घरात तू नाहीस, आणि आता ते एकेक गुण गोळा करणंसुद्धा नाही.

पण हात शिवशिवतात ना माझे. गुण नाहीत तर नाहीत, मी नव्या पोरांना मदत करायला लागले. गावात रोज दहा-बारा नवी येतात, हातात लाकडी तलवार, धड चालता येत नाही. त्यांच्यावर डुक्कर धावलं की मी मधे जाऊन एका घावात आडवं करायचे. ती आभार मानायची, पुढच्या डुकराकडे वळायची, तेही मी आडवं करायचे. दोन-तीन दिवसांनी ती पोरं यायचीच बंद व्हायची. मी बाबांना म्हणायचे, आजकालच्या पोरांत चिकाटीच नाही.

मग गेल्या आठवड्यात भाविका आली. नांदेडकडची, एकोणीस वर्षांची, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते. तिला मी काकू म्हणायला सांगितलं आणि तीन दिवस तिच्या पुढेमागे राहिले. चौथ्या दिवशी तिने लिहिलं, काकू, राग मानू नका, पण तुम्ही जरा बाजूला थांबाल का? तुम्ही मारलेल्याचं मला काहीच मिळत नाही. तीन दिवस झाले, मी अजून दुसऱ्याच लेव्हलला आहे.

घ्या! इतकी लागली ती गोष्ट मला. म्हटलं, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कॉम्प्युटर बंद केला, दोन दिवस हात लावला नाही. बाबांना म्हटलं, या पोरींना उपकाराची जाण नाही. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, ती खोटं बोलते आहे का? एवढंच. ती खोटं बोलत नव्हती. ती पोरं चिकाटी नव्हती म्हणून गेली नव्हती रे. मी त्यांना एकसुद्धा डुक्कर शिल्लक ठेवलं नव्हतं.

त्या दोन दिवसांत मला काय काय आठवत राहिलं ते सांगते. तू सातवीत असताना फुप्फुसांचं मॉडेल मी केलं होतं, थर्माकोल, लाल फुगे, सलाईनच्या नळ्या. तालुक्यात पहिलं आलं. परीक्षकांनी तुला विचारलं हवा कुठून जाते, आणि तू माझ्याकडे बघत उभा राहिलास. मी लांबून हातवारे करून सांगत होते. त्या बक्षिसाचा फोटो आपल्या हॉलमध्ये आहे, त्यात तू हसत नाहीयेस, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं. दहावीपासूनचा तुझा प्रत्येक फॉर्म मी भरला. तुझी सही तुझ्यापेक्षा मला चांगली येते. आणि मग महापे. इंटरव्ह्यूच्या दोन फेऱ्या तू तुझ्या जोरावर पार केल्यास, मी फक्त पत्र का येत नाही म्हणून फोन लावला. कंपनीतल्या बाईंना म्हटलं, पोरगा लाजाळू आहे, स्वतः विचारायचा नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, त्याला ॲसिडिटी आहे, नाइट शिफ्ट देऊ नका. तिसऱ्यांदा काय बोलले ते मला आठवत नाही आणि आठवून घ्यायचंही नाही. शेवटच्या भेटीत सहा पोरांसमोर त्यांनी तुला विचारलं, आईला आणलं नाही का सोबत? घरी येऊन बूट काढत तू एवढंच म्हणालास, आई, इंटरव्ह्यूला पण तूच जायचंस ना. ओरडला असतास तर मी दुप्पट ओरडले असते. तू ओरडलाच नाहीस. चार दिवसांत तुझ्या त्या मित्राच्या, प्रसादच्या ओळखीने कंटेनर यार्डात लागलास, बॅग भरलीस, आणि ती भरायलासुद्धा मला हात लावू दिला नाहीस. ती नोकरी माझ्यामुळेच गेली का, ते कुणालाच कळणार नाही. पण तू उरणला गेलास तो माझ्यामुळे. चुकले मी. मला माफ कर म्हणायची सवय नाही, म्हणून लिहायला हे इतके कागद लागले.

शनिवारी मी परत त्या गावात गेले. भाविका होती. तिला म्हटलं, मार तू, मी विहिरीपाशी बसते. आणि बसले. बाई गं! अकरा वेळा मेली रे ती पोरगी एका डुकरापायी. मला दिसत होतं, डुक्कर मागे सरकलं की डावीकडे वळायचं, एवढंच तर होतं. सांगायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटी माउस काढून बाबांच्या मांडीवर ठेवला, म्हटलं, मागितला तरी देऊ नका, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. बाराव्यांदा तिने ते पाडलं. नुसती उड्या मारत होती. मग दुसरं पाडलं, तिसरं पाडलं, आणि मंगळवारी सकाळी मी भांडी आवरून बसते तोवर वेस ओलांडून गेलीसुद्धा. मला एक शब्द लिहिला नाही. वाईट वाटलं. पण तिचं चुकलं असं नाही वाटलं, हे माझ्या बाबतीत नवीनच.

आता काल दुपारचं. मंगळवारचीच गोष्ट, बाराच्या सुमाराला पोस्टमन आला, स्पीड पोस्ट, सही माझी घेतली. तुझ्या नावाचं जाडसर पाकीट, वर सरकारी शिक्का. म्हणजे तिकडे राहून, यार्डाची ड्यूटी सांभाळून तू कसली तरी परीक्षा दिलीस, आणि फॉर्म तू स्वतः भरलास. मला पत्ताच नाही. आधी फार लागलं, म्हटलं आईला सांगावंसं वाटलं नाही याला! मग पाकिटावरचा पत्ता वाचला. घरचा होता. उरणच्या खोलीचा टाकता आला असता, तो तू टाकला नाहीस. ते वाचून मी मोरीत नळ सोडून रडले, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून, तर त्यांना ऐकू गेलंच. आत निवड आहे की नकार, कुठल्या तारखेला जायचंय, कागद कुठले लागतील, मला काही माहीत नाही, आणि कालपासून या एका गोष्टीपायी मी घरभर फिरते आहे. ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं, काही दिसलं नाही. वाफेवर धरावं म्हणून आधण ठेवलं आणि बंद केलं. बाबा म्हणाले, चल, आपणच नेऊन देऊ. मी नको म्हटलं. मी आले तर मीच उघडीन आणि मीच वाचून दाखवीन. खालचे दत्तूभाऊ साडेचारला उरणच्या ड्यूटीला निघतात, त्यांच्या हाती हे पत्र आणि ते पाकीट देते आहे. आत जे असेल ते तू बघ. काय करायचं ते तू ठरव. मला सांगावंसं वाटलं तर सांग, आणि नाही वाटलं तर मी विचारणार नाही, हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे. पाकिटाचा डावीकडचा कोपरा बोटभर उचकटलेला दिसेल. ते पोस्टाने केलेलं नाही, मी केलं. तिथेच थांबले, आशू. आत पाहिलेलं नाही.

तुझीच,
आई