नंदनच्या नावापुढची रिकामी जागा

मी, द्वारका भिकाजी कोयंडे, मूळ राहणार देवगड, हल्ली मुक्काम धाकटा मुलगा दिलीप याच्या घरी, व्हिटबी, ऑन्टारिओ, वय ऐंशीच्या पुढे (पासपोर्टातला आकडा दिराने अंदाजे सांगितलेला आहे, त्यावर जाऊ नये), आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, माझी शेवटची इच्छा सांगत आहे. मला अक्षर येत नाही. सांगते मी, लिहिते शेजारची मृणालिनी, निवृत्त मास्तरीण, ती मला दर ओळीला थांबवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्याच डॉक्टरांनी सांगितलं की ही शुद्धी फार टिकायची नाही. आधी कालचं जाईल, मग नावं जातील. म्हणून ही घाई. एरवी मला मरायची हौस नव्हती. सुनेला अजून बांगडा धड भाजता येत नाही.

कलम १. देवगडचं घर आणि त्यामागची चार माडांची जागा दिलीपला. त्याने ती ठेवावी, विकावी, भाड्याने द्यावी. फक्त थोरले दीर आत्माराम यांच्या पोरांना देऊ नये. का, ते चौथ्या कलमात येईल.

कलम २. सोन्याच्या पाटल्या सून उमा हिला. उमाने मला या घरात कधी मासे तळू दिले नाहीत. "आई, कार्पेटला वास लागतो." मग मी गॅरेजमध्ये, विंटर टायरच्या शेजारी शेगडी मांडून, कानटोपी घालून सुरमई तळायची. बाहेर उणे वीस. पण उमा दर वेळी कोट घालून माझ्या बाजूला उभी राहायची, कुडकुडत, नाक मुरडत. एकदासुद्धा मला एकटीला ठेवलं नाही. पाटल्या तिच्याच.

नथ नात गौरांगीला. ती नथ जीन्सवर घालते. घालू दे. बँकेत जे काही असेल ते गौरांगीच्या मुलीला, माझी पणती ऊर्मी हिला.

कलम ३. यजमानांची जाळं विणायची लाकडी सुई गौरांगीच्या सासूबाई मार्था व्हीटन यांना. त्यांच्या पणजोबांची अगदी तशीच आहे म्हणाल्या. दोन्ही एका खिळ्याला टांगा.

कलम ४. आता नंदन. वरचं सगळं कुणीही वाटून टाकलं असतं. हे मृत्युपत्र मी या कलमासाठी करते आहे.

नंदन माझा थोरला. यजमान गलबतावर तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य. त्या खेपेला ते तापाने पडले म्हणून नंदन गेला. मंगळूरहून कौलं भरून निघालेलं गलबत वेंगुर्ल्यापुढे दिसलं, देवगडला पोचलं नाही. बाकीच्या खलाशांची मढी पाण्याने किनाऱ्याला आणून टाकली. नंदन आणला नाही. यजमान पुढच्याच वर्षी गेले. जाताना दाराकडे बघून विचारलं, "इलो काय गो?" मी म्हटलं, "येतलो."

आमच्याकडे रीत अशी की समुद्रात गेलेल्याची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा, आणि मग त्याचं तर्पणाचं पाणी सुरू. बारा वर्षं भरली तशी आत्मारामभाऊजी भटजींना आणि पळसाच्या पानांची टोपली घेऊन दारात उभे. म्हणाले, "वहिनी, आता पुरे. भावकीत चर्चा होते." मी पाण्याची घागर त्या टोपलीवर ओतली. घर त्यांना का नको, ते हे.

हट्ट होता, मला मान्य. पण विचार करा. तो खरंच गेला असेल, तर इतकी वर्षं माझ्यापायी तहानलेला आहे. कुठे जिवंत असेल, तर माझ्या हाताने मी त्याला जाळायचा कसा? दोन्हीकडून मीच मेले. रात्रंदिवस हेच दळण. दिवाळीत अनारसे थापताना, क्लिनिकमध्ये रक्त देताना, हेच.

मागच्या महिन्यात एका सकाळी बाथरूममध्ये उभी असताना मला त्याचं नाव आठवेना. चेहरा होता, कपाळावरचा व्रण होता, नाव नव्हतं. भिंतीवर डोकं आपटलं. उमा दार ठोठावतेय, "आई, आर यू ओके? दार उघडा!" मी ओरडले, "माझ्या थोरल्याचं नाव काय गो?" बाहेरून हळूच म्हणाली, "नंदनभाऊजी." तिने त्याला कधी पाहिलेलासुद्धा नाही. मी तिथेच फरशीवर बसले. समुद्राने तीस वर्षांत जे केलं नाही, ते माझं डोकं एका सकाळी करून मोकळं झालं असतं.

कलम ५. ऊर्मीच्या बारशाला मार्थाबाई एक लांबलचक कागद गुंडाळून घेऊन आल्या. त्यांचं घराणं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं, तिथे राजाचं राज्य होतं तेव्हापासूनचे गलबतवाले. खारवलेले मासे आणि लाकूड किनाऱ्याकिनाऱ्याने न्यायचे. मार्थाबाई निवृत्त झाल्यापासून चर्चची दप्तरं आणि थडग्यांचे दगड धुंडाळून त्यांची वंशावळ जुळवतात. कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, मी गौरांगीला म्हटलं, वाच. ती वाचत गेली: हा बुडाला, हा बुडाला, ही बाळंतपणात गेली, हा तापाने, हा बुडाला. मला वाटलं आपल्याच आळीत बसलेय.

कागदाची अर्धी बाजू आमच्यासाठी कोरी ठेवलेली. दिलीप पेन घेऊन बसला. भराभरा लिहीत नंदनपाशी आला आणि थांबला.

"आये, आता लिहू ना?"

"काय लिहितोस?"

"गलबत फुटलं ती तारीख."

"फुटताना बघितलंस?"

"आये, मी तेव्हा मुंबईत कॉलेजात होतो."

"मग गप."

"तू गेल्यावर कोण थांबवणार मला? आणि कोण करणार त्याचं? मला एक मंत्र येत नाही!" असं म्हणून माझा टक्कल पडलेला मुलगा सगळ्यांसमोर रडला. त्यालाही भाऊ होता, हे मी विसरलेच होते.

गौरांगी घाईघाईने कागदावरचं पुढचं वाचायला लागली. मर्सी व्हीटन नावाची बाई, तिचा मुलगा इलायजा. इलायजाचं जहाज गेलं तेव्हा तो विशीतला. पण कागदावर त्याच्या मरणाची तारीख तीच, जी आईच्या मरणाची. आणि आई गेली म्हातारी होऊन.

मी विचारलं, असं कसं? मार्थाबाई म्हणाल्या, कुणीतरी उतरवून घेताना एक ओळ चुकला असणार, "जस्ट अ कॉपीइंग मिस्टेक," ती तारीख मी काढून टाकणार आहे.

मी त्यांचा हात धरला. गौरांगीला म्हटलं, सांग त्यांना, काढू नका, पाया पडते. मार्थाबाई घाबरल्या. मग दिलीपच्या हातातलं पेन घेतलं. तारीख खोडली नाही. पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते कसं दिसतं ते मला दाखवलं. मासे धरायच्या गळासारखं दिसतं.

चूक असेलही. मर्सीबाईच्या मनात काय होतं, मला काय ठाऊक. पण तीच चूक मला हवी आहे.

कलम ६. म्हणून दिलीपला माझा हुकूम: माझा श्वास चालू आहे तोवर नंदनपुढची जागा कोरी राहील. मी त्याचं नाव विसरले, तुलाच नंदन म्हणून हाक मारली, तरीही कोरी. ज्या दिवशी माझी तारीख लिहाल, त्याच दिवशी त्याचीही तीच लिहा. आईएवढं आयुष्य मिळालं त्याला. आईने मारला नाही, आईबरोबर गेला. (मृणालिनी म्हणते, आजी, हे कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, मग उभं राहू दे, पण लिही.)

कलम ७. नंदनचा पानांचा माणूस करून तो माझ्याच शवपेटीत, डाव्या अंगाला ठेवावा. लहानपणी तो त्याच बाजूला झोपायचा. आग एकच. मंत्र येत नसतील तर दिलीपने नुसती हाक मारावी. राख मार्थाबाईंच्या गावच्या समुद्रात सोडावी. इथल्या तळ्यात नको, त्या पाण्याला मीठ नाही.

पळस इथे मिळत नाही. गुरुजी कुरकुरतील. त्यांना सांगा, आई मेपलच्या देशात मेली, मुलाला मेपलच चालेल. मी हिवाळ्यात गेले तर झाडावर पान नसेल, म्हणून गौरांगीने आत्ताच पानं गोळा करून बेसमेंटमध्ये जुन्या चादरीवर पसरली आहेत. उमा, तो कचरा नाही. झाडू लावू नकोस.

हे सगळं मला दोनदा वाचून दाखवलं. एकदा मी रडले, एकदा मृणालिनी. याआधी मी कुठे काही बोलले असेन तर ते रागाचं समजावं आणि हेच धरावं.

द्वारका भिकाजी कोयंडे
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहून घेणार: मृणालिनी

साक्षीदार १: शीला, मागच्या गल्लीत राहणारी. समक्ष सही केली.

साक्षीदार २: मार्था व्हीटन. मजकूर गौरांगीने इंग्रजीत समजावून सांगितला. सही करून खाली बेसमेंटमध्ये गेल्या, वर येऊन म्हणाल्या, एवढी पानं लहान मुलालाच पुरतील, तो तर मोठा झाला होता ना. आणि दोन रिकामी पोती आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडल्या.

स्थळ: व्हिटबी, ऑन्टारिओ
तारीख: २२ ऑक्टोबर २००९